मालकाकडे ठेवलेला पगार

सौदीतल्या राबिघमधल्या अबू फहादच्या कंपनीचं दिवाळं वाजलं, तेव्हा दौलत वेल्डर मात्र निर्धास्त होता. भाबडेपणाच म्हणायचा, दुसरं काय! वर्षानुवर्षं तो अर्धाच पगार हातात घ्यायचा, उरलेला मालकाकडेच ठेवायचा. हातात आला की गावी जातो आणि गावी गेला की भावकी फस्त करते, असा त्याचा हिशेब. त्या पैशांतून गुहागरच्या नाक्यावर स्वतःचं वेल्डिंगचं दुकान टाकायचं आणि कायमचं घरी जायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं.

सरकारी कामं ओळखीवर मिळायची ते दिवस सरले होते. आता बाजारभावाने टेंडर भरा, नाहीतर घरी बसा. अबू फहाद बसला. पूर्वी असा बुडालेला मालक तुरुंगात तरी जायचा, नाहीतर पळून. आता दिवाळखोरीचा नवा कायदा आला होता आणि कोर्टाने नेमलेला वकील सगळ्यांचे दावे रांगेला लावत होता.

"काका, नीट ऐका," नाशिकच्या ज्ञानेश इंजिनिअरने बजावलं. "पगार थकलाय, एवढंच म्हणा. पगारवाल्यांचा नंबर आधी लागतो. ठेवायला दिले म्हणालात तर ते मालकाला उसने दिलेले धरतील, मग शेवटच्या रांगेत कवडीसुद्धा हाती लागायची नाही."

दौलतने मान डोलावली.

सुनावणीच्या दिवशी वकिलाशेजारी कादिर हा हैदराबादचा दुभाषी बसला होता. कोपऱ्यात अबू फहाद. मालक इतका वाळलेला दौलतने कधी पाहिला नव्हता.

"चाचा, साब पूछ रहे, सेठ आपकी तनखा रोके थे क्या?"

दौलतने कोपऱ्यात पाहिलं. बायकोच्या, बायजाबाईच्या ऑपरेशनच्या वेळी याच माणसाने न मागता विमानाचं तिकीट हातावर ठेवलं होतं. त्याच्या तोंडावर त्याला पगारबुडव्या म्हणायचं? जीभच रेटेना.

"नहीं साब. पगार कभी नहीं रोका. मैंने ही रखने को दिया था."

कादिरने कपाळावर हात मारला आणि अरबीत सांगितलं. वकिलाने दौलतचा दावा उसनवारीच्या गठ्ठ्यात टाकला. अबू फहाद उठला, दौलतच्या खांद्याचं चुंबन घेऊन ढसाढसा रडला.

संध्याकाळी कॅम्पवर बायजाबाईचा फोन आला. "अवो, काय ठरलं? कधी येताय?"

"पैसे गेले. कामावर ठेवणारा दुसरा कफील बघतोय. हात चालतात तोवर इथंच. पण मालकाचं नाव राखलं मी."

"आणि आमचं काय राखलंत?"

"काय नाय," दौलत म्हणाला. तेही खरंच होतं.