लांडगीण कुठल्या अंगाला गेली

"पळ गं माझे बाई, पळ! झाडाच्या अंगाला वळ!"

कुशाबाई खाटेवरून अर्ध्या उठल्या होत्या. मांडीवरचं शेंगा निवडायचं सूप कधीच कलंडलं होतं. टीव्हीवर एक हरणी जिवाच्या आकांतानं धावत होती आणि तिच्या मागं चित्ता.

"तिला मराठी कळतं व्हय?" बबनराव म्हणाले. "आन् मागच्याला बी दम लागलाय, त्याचं कुणी बघंना. हाण पंजा! शाब्बास!"

"तुम्ही हाय तरी कुणाच्या बाजूनं?"

"जो उपाशी त्याच्या."

हरणी कोलमडली. कुशाबाईंनी पदर डोळ्यांवर ओढला. "झालं का? झालं की सांगा."

"झालं. आता जेवतोय बिचारा."

वरवंडच्या त्या घरात केबल आल्यापासून दर संध्याकाळी हेच चालायचं. बबनराव दौंड स्टेशनात रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन होते. गाडी वेळेवर जावी आणि ज्याला त्याला वेळेवर जेवायला मिळावं, याहून मोठी अपेक्षा त्यांनी जगाकडून केली नव्हती. कुशाबाई उपकेंद्रात नर्स. तीस वर्षं वाड्या-वस्त्यांवर सायकलवरून, बैलगाडीतून, एकदा तर ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून जाऊन त्यांनी बाळंतपणं केली. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी गाव त्यांना 'नर्सबाई'च म्हणत होतं. रक्ताला त्या कधी भ्यायल्या नव्हत्या. पण हे टीव्हीवरचं त्यांना बघवत नसे, आणि बबनराव चॅनेल बदलायला उठले की, "असू द्या जरा," असंही त्याच म्हणत.

एकदा एक सिंहीण गवतात दबा धरून बसलेली दाखवली. कुशाबाई नेहमीप्रमाणे पदराआडून बघत होत्या. बघता बघता त्यांनी पदर खाली घेतला.

"अवं, ही तर ओली बाळंतीण हाय. थानं बघा कशी वढल्यात."

तेव्हापासून त्यांची पंचाईतच झाली. हरणानं सुटावं असंही वाटे आणि सिंहिणीनं उपाशी राहू नये असंही.

"मग तिनं काय भाकरी थापून खायची?" बबनराव खो खो हसत.

"मला काय इचारताय? मी केलीय व्हय ही दुनिया?"

फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळची उन्हं अंगावर घेत कुशाबाई घरामागच्या माळावर शेळी चारत होत्या. शेळीचं महिनाभराचं करडू बाभळीखाली एकटंच उड्या मारत होतं. शेळी एकदम फुरफुरली म्हणून कुशाबाईंनी मान वर केली, तर वाळल्या गवताच्याच रंगाचं काहीतरी गवतातून सुटलं आणि थेट करडावर आलं.

लांडगा!

डोळ्यांवर पदर ओढायला इथं सवडच नव्हती. साठीची बाई काठी उगारून, बोंब ठोकत, चपला मागं टाकून धावली. "सोड! सोड म्हंते ना!" काठी नेम धरून फेकली ती भलतीकडंच गेली, पण आवाजानं काम केलं. पंधरा पावलांवर लांडग्यानं तोंडातलं करडू टाकलं.

टाकलं, पण तो पळाला नाही. उभा राहून बघत राहिला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसत होत्या. आणि पोटाखाली ओढलेली, लालसर थानं.

लांडगीण होती. तीनेक आठवड्यांची बाळंतीण असावी. कुशाबाईंची नजर अशा बाबतीत चुकत नसे. घटकाभर दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. मग लांडगीण वळली आणि कसलीही घाई न करता, रिकाम्या तोंडानं, ओढ्याच्या दरडीकडं उतरून गेली.

करडाच्या मानेला दात लागले होते. कुशाबाईंनी ते पदरात घालून घरी आणलं, सुई-दोरा उकळला आणि ओसरीतच टाके घालायला बसल्या. बबनरावांनी करडाचे पाय धरले आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

"झालं का?" ते म्हणाले. "झालं की सांग."

"हितं का भिताय? जो उपाशी त्याच्या बाजूनं ना तुम्ही?"

"त्यो टीव्हीत गं. हे आपलं हाय."

कुशाबाईंनी दोऱ्याला गाठ मारली. दोरा तोडत म्हणाल्या, "पिल्लं असत्याल हो तिची. त्या वढ्याच्या दरडीत. वाट बघत असत्याल."

बबनरावांनी करडाखाली गोणपाट सरकवलं.

करडू जरा टेकतंय तोवर मारुतराव धनगर दारात आला. पलीकडच्या कापलेल्या रानात त्याची मेंढरं बसली होती. आठवड्यात त्याची तीन कोकरं गेली होती. नर्सबाईंची बोंब माळभर ऐकू गेली होती, म्हणून तो कुत्रं घेऊन तडक आला होता. खांद्यावर वाळलेल्या मिरच्यांची पिशवी होती.

"नर्सबाई, कुठल्या अंगाला गेली? एकदा बीळ घावलं की धुरी देतो. समदं निपटून टाकतो."

मारुतरावचं काही चुकत नव्हतं. मेलेली कोकरं त्याची होती. त्याची तिन्ही पोरं कुशाबाईंच्या हातावर जन्मली होती. या माणसाशी त्या आजवर एक शब्द खोटं बोलल्या नव्हत्या. उपकेंद्राच्या रजिस्टरात तीस वर्षांत कधी खोटी नोंद केली नव्हती.

"पाटसच्या अंगाला," त्यांनी हात लांब केला. "रेल्वे लाइनीकडं."

मारुतराव गेल्यावर बबनराव हळूच म्हणाले, "अगं, तू तर वढ्याकडं म्हणली हुतीस."

"म्हणले हुते."

दुपारी त्यांना घास गेला नाही. लांडगिणीला वाचवलं खरं, पण उद्या तिनं चौथं कोकरू नेलं तर ते कुणी नेलं म्हणायचं? लांडगिणीनं की नर्सबाईनं? ताट तसंच सरकवून त्या उठल्या, माळ तुडवत मारुतरावच्या तळावर गेल्या. तो अजून परतला नव्हता. त्याच्या बायकोला त्यांनी सांगितलं, "तुमचा तळ हलंपतूर कोकरं रोज दिवस मावळायच्या आत आमच्या आवारात आणून कोंडा. खांद्याइतकी भिंत हाय, फाटक हाय."

"आवारात?" घरी आल्यावर बबनराव उडालेच. "आन् माझे गुलाब?"

"लेंड्या पडत्याल. दुप्पट येत्याल."

"खाऊन काय उरलं तर येत्याल ना!" असं म्हणत त्यांनी गुलाबांभोवती जुन्या पत्र्यांचं कुंपण उभं केलं, फाटकाची कडी घट्ट केली, आणि कोकरांच्या पाण्यासाठी घमेलंही तेच शोधून घेऊन आले.

उन्हं कलली तशी बेंऽ बेंऽ करत कोकरं आली. पन्नासेक असतील. एक थेट ओसरीवर चढलं, एकानं बबनरावांच्या धोतराचा सोगा तोंडात धरला. "अरं, अरं, सोड!" म्हणून ते आवारभर गोल फिरू लागले. कुशाबाईंना हसू आवरेना. त्या दिवसात पहिल्यांदाच त्या हसल्या.

मारुतराव फाटकाला टेकून उभा होता. दिवसभराच्या पायपिटीनं त्याचं तोंड उतरलं होतं.

"नर्सबाई, एक इचारू?"

"इचारा की."

"माझं कुत्रं सकाळच्याला वढ्याकडं तोंड करून नुसतं वढत हुतं. मी त्याला गळ्यात दोरी घालून पाटसच्या अंगाला नेलं. पार लाइनीपतूर."

कुशाबाईंचं हसू मावळलं. मान खाली गेली. "कळलं हुतं, तर मग गेला कशापायी?"

"बाळंतीण हाय न्हवं ती?"

"व्हय," त्या म्हणाल्या.

"आमच्या धाकट्याच्या टायमाला मी सारखा आत डोकावत हुतो," मारुतराव म्हणाला. "तवा तुम्ही वरडला हुता. बाळंतिणीच्या दारात पुरुषांनी गर्दी करू नगा, लांब जाऊन बसा. तवा बी गेलो हुतो की लांब."

एवढं बोलून त्यानं घोंगडीतून एक इवलंसं कोकरू काढलं. "ह्याच्या आईचं दूध आटलंय. बघा तुमच्याकडनं काय हुतं का."

कुशाबाई शेळीचं वाटीभर दूध काढून पायरीवर बसल्या. कोकरू मांडीवर घेतलं, करंगळी दुधात बुडवून त्याच्या तोंडापाशी नेली. आधी त्यानं तोंड फिरवलं. मग डोळे मिटून, शेपूट हलवत, चुटूचुटू चोखायला लागलं.