तळव्याखालची जमीन

न्हाव्याचा धंदा उभ्याचा. बसून कुणी कुणाची हजामत केल्याचं ऐकिवात नाही. म्हणून मधुमेहापायी डाव्या पायाची करंगळी कापावी लागली, तेव्हा या न्हाव्याला काळजी पडली ती करंगळीची नव्हे, उभं राहण्याची. "तळवा बधिर झालाय," डॉक्टर म्हणाले होते. "आता नवी जखम झाली, तर पाऊल वाचेलच असं मी सांगणार नाही."

बायकोने त्याला धरूनबांधून दवाखान्यातल्या ‘ताई ची’ या चिनी व्यायामाच्या वर्गात नेलं. तिथे सगळे मधुमेहवाले पाण्यात चालल्यासारखे सावकाश हात फिरवत होते. "यांना कुणीतरी किल्ली द्या गं," तो पुटपुटला. पण हळूहळू फरक पडला. साखर उतरली, तोल सावरला, खुर्ची न धरता तो वळू लागला. शिकवणाऱ्या बाई सगळ्यांना बजावत, "गोळ्या सोडायच्या नाहीत, बूट काढायचे नाहीत. आणि तळव्याखाली जमीन कशी लागते, तिकडे लक्ष द्या."

लक्ष कुठे देणार, कपाळ! त्याच्या डाव्या तळव्याखाली जमीन नव्हतीच. हा बूटच आड येतोय, असं त्याच्या मनाने घेतलं. मग काय, दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानाचं दार लोटून गडी अनवाणी सुरू. केर काढण्याइतकाही धीर त्याला नव्हता. कापलेले बारीक केस सुईसारखे कातडीत घुसतात, हे काय न्हाव्याला सांगायला हवं? पण भीतीने माणसाची अक्कल आधी जाते.

एके दिवशी टचकन टोचलं. तो आनंदाने ओरडणार होता, पण टोचलं होतं ते उजव्या पायाला.

डबा घेऊन आलेल्या बायकोने त्याला खुर्चीत बसवलं, डावा पाय मांडीवर घेतला आणि तिचा चेहराच उतरला. तळवाभर केसांची टोकं घुसली होती. टाचेपाशी लाल होऊन सुजलं होतं, पू धरला होता.

"अहो, काय करून बसलात हे!"

"एकेक उपटून काढ," तो म्हणाला. "मग जाऊ डॉक्टरांकडे."

तिने फणीशेजारचा चिमटा उचलला. त्याने डोळे गच्च मिटले. दुखू दे, एकदाच दुखू दे, जीव जाईल इतकं दुखू दे.

"आई गं! दुखलं!" तो ओरडला. "बघ, दुखलं! जिवंत आहे गं पाय!"

चिमटा तिने अजून पायाला लावलाच नव्हता.