कन्नडहून निघालेली गठडी

चित्रं निम्मी आली आणि पुन्हा अडखळली.

रुग्णालयाच्या नेटवर्क खोलीत तिथलं नेटवर्क सांभाळणारी रत्नमाला फोन स्पीकरवर ठेवून पडद्यापुढं उभी होती. बसावं असं तिला सुचलंच नव्हतं. फोनच्या पलीकडं कन्नडच्या स्कॅन सेंटरातला तंत्रज्ञ सम्यक होता, आणि त्याच्या पाठीमागच्या खाटेवर केरबा.

केरबा पिशोरकडचा मेंढपाळ. वाघुराच्या जाळीच्या कुंपणातनं मेंढरं बाहेर काढता काढता त्याच्या उजव्या हातातलं बळ गेलं, तोंड वाकडं झालं, जीभ लुळी पडली. मेंदूतल्या नसेत रक्ताची गाठ अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन कन्नडलाच होतं, आणि लवकर दिलं तरच त्याचा गुण. पण डोक्यात रक्त सांडलं असेल तर तेच इंजेक्शन माणसाचा जीव घेणार. यातलं कोणतं खरं, ते स्कॅन बघून सांगायचं होतं इथं, छत्रपती संभाजीनगरात बसलेल्या डॉक्टर सुलेखाबाईंनी. सम्यकनं मोबाइलवर पडद्याचे फोटो पाठवले होते. पण त्यात एक पांढुरका डाग होता, आणि तो रक्ताचा की काचेवरच्या उजेडाचा, हे त्यांना छातीठोक सांगता येत नव्हतं.

मूळ चित्रंच हवी होती. आणि रस्त्याच्या खोदकामात फायबरची तार तुटलेली. चित्रं येत होती ती डोंगरावरच्या टॉवरवरून, वाऱ्यावर बसून; आणि पिसाळलेलं वारं आज टॉवरवरची तबकडी हलवत होतं.

"ताई," सम्यक म्हणाला, "गोगलगाय बी हॉर्न मारून पुढं गेली आपल्या."

"तोंड चालव, पण गठडीला हात लावू नको."

गठडी म्हणजे सगळ्या चित्रांची मिळून एक फाइल. सुटी चित्रं पाठवली की एखादं वाटेत राहून जायचं, म्हणून कन्नडवाल्यांनी पाडलेली ही रीत. गठडी पुरी आल्याशिवाय सुटत नाही, आणि मधेच तुटली की पुन्हा पहिल्यापासून.

रत्नमालानं दुखणं ओळखलं होतं. पाठवणाऱ्या यंत्राला जुना नियम ठाऊक असतो, क्यूबिक नावाचा. फाइल जाते ती छोट्या छोट्या पाकिटांतून; वाटेत एखादं पाकीट हरवलं की त्याला वाटतं, पुढं गर्दी झाली. तो लगेच पाय आखडतो. इथं गर्दी कुठली? वाट मोकळी होती. पाकिटं वाऱ्यानं सांडत होती, आणि नियम बिचारा दर वेळी घाबरून थांबत होता. दुसरा नियम, बीबीआर, तेवढ्यानं बिचकत नाही. वाट किती रुंद आहे ते मोजत चालतो. म्हणून तिनं इथूनच कन्नडच्या फायरवॉलमध्ये, म्हणजे तिथली सगळी माहिती ज्यातून बाहेर पडते त्या राखणदार यंत्रात, शिरून नियम बदलला होता. त्याच फायरवॉलवरून चाचणी घेतली, तर वेगाचे आकडे वासरासारखे उधळले.

"झालं, मॅडम! आता बघा," असं तिनं डॉक्टरांना सांगूनही टाकलं होतं.

आणि गठडी होती तशीच रांगत होती.

दार ढकलून डॉक्टर सुलेखाबाई आत आल्या. "रत्नमाला, झालं म्हणाली होतीस ना? मग मी काय बघू? तुझे आकडे?"

ती पुन्हा पडद्याकडं वळली. चाचणी धावते आणि चित्रं का नाही? वाट तीच. वारं तेच.

फोनमधून बारीक आवाज येत होता. केरबाची बायको म्हाळसाबाई त्याच्या उशाशी बसून गुणगुणत होती; नवऱ्याला ऐकू जात असेल की नसेल, कुणी सांगावं.

*मेंढरांची माझ्या रांग, वेशीतून गं निघाली*
*धनी मागून चालतो, त्याच्या चालीनं चालली*

रत्नमालाचा हात कीबोर्डवर थबकला.

पिशोरच्या शिवेवरचं फाटक तिला दिसलं. लहानपणी वडिलांच्या मेंढरांपुढं धावत जाऊन ती फाटक सताड उघडायची, आणि तरी कळप आपल्याच चालीनं यायचा. फाटक नुसतं जाऊ देतं. चाल असते मागून हाकणाऱ्याची.

फायरवॉल म्हणजे फाटक. गठडी तिच्यातून नुसती जात होती. हाकत होता तो स्कॅनशेजारचा छोटा संगणक, आणि त्याला अजून जुनाच नियम ठाऊक होता. अन् चाचणी? ती फाटकानं स्वतःच पाठवली होती, म्हणून धावली.

"मॅडम, चुकले मी," ती म्हणाली. "बदल चुकीच्या जागी केला. तिथल्या संगणकात करावा लागेल."

"मग कर ना!"

"पण नवा नियम नव्या गठडीलाच लागतो. ही चालू आहे ती तोडावी लागेल."

"निम्मी आलेली?"

"व्हय." तिच्या तोंडून गावचाच होकार निघाला.

"आणि पुन्हा चुकलीस तर?"

"तर हातातलंही जाईल, आणि तेवढा वेळही."

सुलेखाबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं, मग फोनकडं. गुणगुणणं थांबलं होतं.

"तोड," त्या म्हणाल्या.

त्या संगणकात बाहेरून शिरायची मुभा नव्हती. बोटं सम्यकचीच लागणार होती. रत्नमाला एकेक अक्षर सांगत गेली, तो एकेक म्हणून दाखवत टिपत गेला.

"ताई, नाय म्हणतंय! असं काही सापडत नाय म्हणतंय!"

ती फोनवर वाकली. "थांब. नियम आहे त्यात, पण झोपलाय. आधी उठवायला लागेल. मी सांगते तशी आधी दुसरी ओळ लिही."

लिहिली. पहिली पुन्हा लिहिली. पलीकडं बटणांची टकटक.

"सम्यक?"

"घेतलं ताई. बीबीआर दिसतंय. तोडू?"

"तोड. नव्यानं पाठव."

पडद्यावरची निम्मी पट्टी पुसली गेली. रिकामी जागा बघवेना. मग एक हिरवी कड उमटली, थरथरली, पुढं सरकली. वाऱ्यानं पाकिटं सांडली. पट्टी अडखळली नाही. सांडलेली पुन्हा उचलत चालत राहिली, आणि सुलेखाबाई धावतच आपल्या पडद्याकडं गेल्या.

गठडी सुटली. मेंदूच्या आडव्या कापांची एकेक चकती पडद्यावर खाली सरकत गेली. डागाच्या जागी त्या थांबल्या, मागं गेल्या, पुन्हा तिथंच आल्या. रत्नमाला दारात उभी राहून बघत होती.

"रक्त नाही. काचेचाच उजेड होता," त्या म्हणाल्या, आणि कन्नडच्या डॉक्टरांना फोन लावला. "द्या इंजेक्शन. आत्ता."

रत्नमाला खोलीत परतली. फायरवॉलमधला आपला बदल तिनं काढून टाकला; तिथं त्याचं काही काम नव्हतं. सम्यकचा फोन चालूच होता. पलीकडं पावलं वाजली, कुणी बाटली टांगली. मग पुष्कळ वेळ नुसता वाऱ्याचा आवाज.

त्यातच म्हाळसाबाईनं पुन्हा ओवी धरली. दुसऱ्या ओळीवर ती अडली.

"पोरा, इकडं ये! बोट दाबलं रं यांनी माझं!"

"कोणत्या हातानं, मावशी?" सम्यकनं विचारलं.

रत्नमालानं फोन उचलून कानाशी घट्ट धरला.

"उजव्या."