शाडूचा बुधा

माझा नवरा बुधा सोमवारी सकाळी मूर्ती व्हायला लागला, तोही ऐन सीझनमध्ये.

बारा वर्षं तो जोह्यात गुणाजी शेठच्या कारखान्यात गणपतीचे डोळे आखतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही येशूच्या वाटेला लागलो, पण पोट जोह्यातच राहिलं. त्या रविवारी आमच्या विलास पास्टरांनी शास्त्र सांगितलं. मूर्तींना डोळे असून दिसत नाही, कान असून ऐकू येत नाही. त्या घडवणारे आणि त्यांच्यावर भरवसा टाकणारे त्यांच्यासारखेच होतात. मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पद्धत कसली! दुसऱ्या दिवशी बुधाचा डावा पाय पांढरा आणि टणक.

गुणाजी शेठ धावत आले. पायावर टकटक केलं, ओल्या बोटाने घासून बघितलं.

"शाडू हाय गो. प्लास्टर नाय," ते समाधानाने म्हणाले. "उजवा हात चालतोय ना? साठ नग ऱ्हायलेत, तेवढं डोळं आखून घेऊ."

त्यांच्या डोक्यात पाट घालावासा वाटला मला.

बुधाने साठ नग आखले. गुरुवारी कंबर गेली, शुक्रवारी हात आणि गळा. जेवायला हाक मारली तर ऐकू येईना. हे मला जरा उशिराच कळलं, कारण सीझनमध्ये तो तसाही ऐकत नसे. शनिवारी बुबुळं गेली. आखणीआधी मूर्तीचे असतात तसे कोरे डोळे माझ्याकडे वळलेले होते, आणि त्यांत मी नव्हते. मी मोठ्याने रडले.

रडणं ऐकून शेजारची हौसा आली आणि बुधासमोर एक जास्वंद ठेवून गेली. दुपारी तिची हरवलेली शेळी सापडली. झालं! रांग लागली, नारळ फुटले. आमच्या दारात जन्मात कुणी चप्पल काढली नव्हती, तिथे आता ढीग पडला.

बुधाचा बाप्तिस्मा रविवारी रोह्याला, कुंडलिका नदीत ठरला होता. तेच सांगायला पास्टर आले, तर ही जत्रा. "पाप हाय हे!" म्हणून त्यांनी सगळ्यांना हाकललं. मी त्यांना पाणी आणायला आत गेले. बाहेर येते तर पास्टरांचा हात बुधाच्या पायावर आणि ओठ पुटपुटताहेत, "माझ्या पोराला डोलवीच्या कंपनीत पर्मनंट कर रे बाबा."

उठले तेव्हा त्यांची तीन बोटं पांढरी झाली होती. त्यांनी हात गुपचूप खिशात घातला.

बाप्तिस्म्याचं कळल्यावर गुणाजी शेठ तडक आले. "नदीत बुडवाल तर विरघळंल तो. विसर्जन कुठलं नि बाप्तिस्मा कुठला, पाण्याला कळत नाय. असाच ठेवलास तर टिकंल, चिमा. दिवाबत्ती होईल, तुला जन्मभर कमी पडायचं नाय."

पास्टर अजून दारातच होते, खिशात हात घालून. दोघं माझ्याकडे बघत राहिले.

"मला देव नको शेठ, नवरा पायजे," मी म्हटलं. "उद्या टेम्पो काढा."

रविवारी सकाळी बुधाला पेंढ्यात नीट बसवून आम्ही निघालो. नागोठण्याला लोकांनी टेम्पो बघून "मोरया!" केलं आणि वाट करून दिली. पास्टरांनी मान खाली घातली.

रोह्याला नदीत आम्ही त्याला आडवा केला. मी डोकं धरलं. पाणी दुधासारखं झालं. पाय दिसेनासे झाले, मग पोट.

"घाई नका करू, शाडू सावकाश सुटतो," शेठ काठावरून ओरडले.

हातातलं डोकं हलकं होत चाललं. प्रार्थना एक आठवेना. मी बुधालाच हाका मारल्या, येतील तेवढ्या शिव्या घातल्या. शेजारी पास्टर स्वतःची बोटं त्याच पाण्यात चोळत होते.

मग माझ्या हातात काहीच उरलं नाही.

आणि त्या गढूळ पाण्यातून एक उघडा, काळा माणूस खोकत उठला. त्याने डोळे चोळले. माझ्याकडे बघितलं, बघतच राहिला. लग्न ठरलं तेव्हा बघितलं होतं तसं.

"चिमा," तो म्हणाला, "तुजं केस कधी गो पिकलं?"

"चार वर्षं झाली," मी म्हटलं.