बुढीच्या खाटल्यापाशी

इंदूबाईंनी शेवटची कुरडई उचलून परातीत ठेवली आणि मगच वायुदलाच्या जवानाला गच्चीवर पाय टाकू दिला.

"या आता. पन थ्या कोपऱ्यात नोका जाऊ, तिथी मुगवड्या वल्ल्या हायेत."

जवान दक्षिणेकडचा होता. त्याला फक्त रोखलेलं बोट समजलं. कॅमेऱ्याची तिवई दोन्ही हातांनी डोक्यावर धरून तो कठड्याच्या कडेकडेने गेला. त्याच्यामागून स्क्वाड्रन लीडर प्रियदर्शनी तायडे जिना चढून आल्या, आणि त्यांच्याही मागून इंदूबाईंचे मालक पुंजाजी, घरात लग्न असल्यासारखा इस्त्रीचा सदरा घालून.

दिवेलागण होऊन गेली होती, तरी गच्चीची फरशी अजून पायाला चटका देत होती. एरवी वैशाखात यावेळी गावातल्या प्रत्येक गच्ची-धाब्यावर अंथरुणं पडायची, या गच्चीवरून त्या गच्चीवर गप्पा चालायच्या. पण पंधरवड्यापासून अंधार पडला की आभाळात दिवे दिसू लागले होते. एकामागे एक, आवाज न करता सरकणारे. कोणी म्हणालं, चोरांचे ड्रोन आहेत, घरं हेरून जातात. कोणी म्हणालं, थेट सीमेपलीकडून आलेत. मग दर्यापूरच्या बाजारातून अफवा आणखी जाडजूड होऊन परत आली आणि अख्खं गाव दारंखिडक्या लावून घरात झोपायला लागलं. त्यात रोज लाइट जायची. इंदूबाईंना दिव्यांची भीती वाटली नाही, पण माणसं अशीच कोंडून घेऊन वाफलून निघतील, याचा मात्र त्यांना राग आला. पोलीस पाटलाने दिलेल्या नंबरावर त्यांनी स्वतः फोन लावला. पुंजाजी तेव्हा खूप हसले होते. आज वायुदलाची गाडी नागपूरहून आली आणि "इंदूबाईंचं घर कुठलं?" म्हणून विचारत दारात थांबली, तेव्हा ते न बोलता आत गेले आणि इस्त्री शोधायला लागले.

"मावशी, काम सोपं आहे," तायडे मॅडम म्हणाल्या. त्या मूळच्या अमरावतीच्या. बोलणं शहरी झालं होतं, पण चहा मात्र त्यांनी बशीत ओतून प्यायला. "दिवा दिसला की एकाच वेळी दोन गावांतून बघायचं. तो ड्रोन असला, म्हणजे खाली असला, तर इथून एकीकडे दिसेल आणि तिकडून भलतीकडेच. पण दोन्हीकडून एकाच जागी दिसला, तर तो फार म्हणजे फारच वर आहे. मग त्याचं तुमच्या गावाशी काही देणंघेणं नाही."

"अन् दुसऱ्या गावातून कोन पाह्यते?"

"आमची दुसरी तुकडी मोर्शीकडे अडकलीय. पण अकोल्याहून एका बाईंनी तुमच्यासारखाच फोन केला होता. त्यांना मी आता फोनवर घेते. ललिताबाई म्हणून आहेत, मलकापूर भागात राहतात."

इंदूबाईंनी डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला. पुंजाजी खोकले. त्यांना खोकला झालेला नव्हता.

ललिता त्यांची सख्खी धाकटी बहीण. तिच्या मुलाच्या, स्वप्निलच्या लग्नात इंदूबाई आहेराच्या खोलीची किल्ली कमरेला लावून दिवसभर राखण करत बसल्या होत्या, आणि तेवढ्यात स्टेजवर सगळ्या घरादाराचा फोटो निघाला. त्यांना कोणी बोलावलं नाही. त्या नाहीत, हे कोणाच्या ध्यानातही आलं नाही. नंतर त्यांनी विचारलं, तर ललिता म्हणाली, "मंग तू होतीस कुठी?" एवढंच. "चुकलं" म्हणाली असती तर विषय तिथेच मिटला असता. इंदूबाई न जेवता सहाच्या एसटीने परत आल्या. तेव्हापासून दोघींमध्ये ना फोन, ना सणावाराचा निरोप.

मॅडमनी फोन लावला, स्पीकर चालू केला आणि कठड्यावर ठेवला.

"ललिताबाई, गच्चीवर आलात ना? इकडे माझ्यासोबत इंदूबाई आहेत. दर्यापूरजवळच्या."

पलीकडून बराच वेळ नुसता रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आला.

"बरं," ललिता म्हणाली. "त्यायले म्हना, आभाय साफ दिसते काय तिकडं."

"तिले म्हना, दिसते," इंदूबाई मॅडमकडे बघत म्हणाल्या.

मॅडमनी एकदा फोनकडे आणि एकदा इंदूबाईंकडे पाहिलं. "दोघींनाही ऐकू येतंय. थेट बोललात तरी चालेल."

जवान कॅमेऱ्याशी काहीतरी करत राहिला. पुंजाजींनी सगळ्यांना पाणी विचारलं. शेजारच्या घराची खिडकी बोटभर उघडली आणि तशीच उघडी राहिली.

मग उत्तरेकडे पहिला दिवा निघाला.

"निंगाला!" अकोल्याहून ललिता एवढ्या मोठ्याने ओरडली, की फोन कठड्यावर थरथरला.

"कुठे दिसतोय ते सांगा," मॅडम म्हणाल्या. "दिशा सांगा."

"पान्याच्या टाकीच्या वर. नाई, आता मोबाइलच्या टावरकडं सरकून राहिला..."

"टाकी, टॉवर नको. आकाशातली जागा सांगा. उत्तर? ईशान्य? किती उंच?"

"आता कसं सांगू? दोन बोटं... थांबा, चार बोटं... माय, थो दुसरा निंगाला ना बाप्पा!"

इथे गच्चीवरूनही दुसरा दिसत होता. मागोमाग तिसरा. ललिता बोटंच मोजत होती. इंदूबाईंनी थोडा वेळ दातांखाली पदर धरला, मग त्यांच्याने राहवेना. त्या फोनवर वाकल्या.

"अवं लल्ले, बोटं काय मोजतं! बुढीच्या खाटल्याच्या कोन्त्या आंगानं हाये, थे सांग!"

सप्तर्षींना वऱ्हाडात बुढीचं खाटलं म्हणतात. चार पायांचं खाटलं, आणि मागे तीन चोर. बुढी झोपली की ते तिचं खाटलं पळवणार, म्हणून ती रात्रभर जागी. लहानपणी एकाच गोधडीत पडून दोघी बहिणी त्या बुढीची राखण करायच्या.

पलीकडचं बोटं मोजणं थांबलं.

"चोराकून निंगाला, बाई," ललिता म्हणाली. थोरलीला ती पहिल्यापासून नुसतं बाई म्हणे. "मंधातल्या चोराच्या खालून. आता खाटल्याच्या पायथ्याशी आला. तुले?"

"मलेई तिथीच. आता उशाकडं चालला."

"हो, उशाकडं! दुसरा त्याच्याच मांगं."

"अन् थो तिसरा जरासा मंद हाये."

"मंदच हाये. मी म्हनलं, माह्या चष्म्यानं दिसते तसा."

"चष्मा कधी लागला तुले?"

"झाले की दोन सालं."

इंदूबाईंनी कठड्यावरचा फोन थोडा जवळ ओढला. मॅडम मान वर करून दिवे बघत होत्या, त्यांच्या हातातलं पेन तसंच थांबलेलं होतं.

"तुम्ही एकमेकींना ओळखता?" त्यांनी हळूच विचारलं.

"सख्ख्या बहिनी हायेत, मॅडम," पुंजाजी म्हणाले. इंदूबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा पाणी आणायला खाली गेले.

दिवे एकाच वाटेने जात राहिले आणि एका ठरावीक जागी पोचले की विझल्यासारखे दिसेनासे होत गेले. मॅडमनी जवानाशी हिंदीत दोन शब्द बोलून घेतले आणि वही मिटली.

"उपग्रह आहेत, मावशी. सोडल्यानंतर काही दिवस असे माळेने फिरतात. वर अजून ऊन असतं, ते त्यांच्यावर पडतं, म्हणून चमकतात. सावलीत गेले की दिसत नाहीत. ड्रोन नाही, चोर नाही. गावाला सांगा, बिनधास्त वर झोपा." आणि मग फोनकडे वाकून त्या म्हणाल्या, "ललिताबाई, फार मदत झाली. ठेवू?"

"ठेवा," ललिता म्हणाली. काहीतरी बोलायचं राहून गेल्यासारखी थांबली, आणि फोन बंद झाला.

गाडी गेली, तेव्हा अर्धं गाव तिच्यामागे वेशीपर्यंत गेलं होतं. इंदूबाईंनी प्रत्येकाला सगळं पुन्हा पुन्हा सांगितलं, ज्याने विचारलं त्याला आणि न विचारलं त्यालाही. दुसऱ्या दिवशी गच्च्यांवर अंथरुणं पडली. पोरांनी तर दिवे मोजायच्या पैजा लावल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारपासूनच भरून आलं. संध्याकाळी आभाळ असं काळं झालं की एक चांदणी म्हणून दिसेना. पुंजाजी गाद्या खाली ओढत होते. इंदूबाई स्वयंपाकघरात लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसल्या होत्या, तेव्हा फोन वाजला. त्यांनी नाव वाचलं, हात लुगड्याला पुसले आणि तरीही थोडा वाजू दिला.

"बाई," ललिता म्हणाली, "निंगाले काय व तिकडं?"

इंदूबाईंनी मान वर केली. वर पंखा फिरत होता, त्याच्या बाजूला तुळईला कांद्याची वेणी टांगलेली होती.

"निंगाले ना," त्या म्हणाल्या. "आत्ताच."

"किती हायेत?"

"चार."

"मले तं पाच दिसून राहिले," ललिता म्हणाली, आणि तिच्या अगदी शेजारी कुकरने लांबलचक शिट्टी दिली.

इंदूबाईंनी विळी बाजूला सारली, भिंतीला पाठ टेकली आणि पाय सरळ पसरले.

"बराबर मोज," त्या म्हणाल्या. "घाई नाई काई."