बिनखताची वाळकं

टोपल्या

केडगावच्या पुढे, पुणे रस्त्याला लागून चार मेढी आणि वर तुराट्या. खाली छबूबाईच्या टोपल्या. वाळकं, दोडके, गवार, भेंडी. सगळं घरच्या शेणखतावरचं, हातानं अळ्या वेचलेलं.

एकाहत्तर सालचा भाद्रपद. गाड्या थांबत. आतून माणसं उतरत, ज्यांना पोत्यातल्या खताची भाजी बेचव लागते आणि बिनखताच्या भाजीतली अळी बघवत नाही. वाळूक उलटंपालटं करत. भोक दिसलं की मागे ठेवत, पुढच्या गिऱ्हाइकासाठी. पुढचं गिऱ्हाईकही तसलंच.

शेजारच्या वावरात धाकटा दीर मच्छिंद्र. त्याची वाळकं पोत्यातलं खत खाऊन, किडीची पावडर मारून गुळगुळीत. स्वतःच बोलायचा आणि स्वतःच हसायचा. वेलांची पट्टी दोघांत सामाईक होती आणि त्याला तिथं कांदा हवा होता. शेवटी ठरलं: गौरी जेवतात त्या दिवशी वाळकांच्या टोपल्या विकून रिकाम्या झाल्या, तर पट्टी वहिनीची. नाहीतर कांदा.

बोट

गौरी बसल्या त्या दिवशी पांढरी फियाट. साहेब, बाई. बाईंना टोपलीतलं नको, वेलावरचं हवं. वेलांत उभं राहून त्यांनी बोट सरळ ताणलं. ते. ते. तेही.

वेलावरच्या कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवलं की ते सडतं. दाखवायचंच तर बोट वाकवून. हे इथं सगळ्यांना माहीत. छबूबाईनं हात जोडून तसं सांगितलं. बाईंनी ते साहेबांना सांगितलं. साहेब हसले आणि गंमत म्हणून त्यांनी पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं.

एक वाळूक घेऊन गेले. एक.

आता अक्कल दाखवायची पाळी छबूबाईची. बोट लागलेलं फळ सडणार, त्याची सड वेलात उतरणार, म्हणून दिवेलागणीपर्यंत तिनं वेलावरचं होतं नव्हतं ते खुडलं. उद्या टोपलीत येणारं, परवाचं, बुडाशी फूल असलेलंसुद्धा. सगळं म्हशीपुढं.

मच्छिंद्र बांधावरून बघत होता. बोटावर त्याचाही विश्वास होता. पण कांद्यावर जास्त.

जेवणाचा दिवस

कालचं खपलेलं, वेल रिकामे; सकाळी टोपल्यांत वाळूक नाही. मच्छिंद्रनं आपली वाळकं आणून तिच्या टोपल्यांत ओतली.

"बसा वयनी. सावली तुमची, माल माजा. ह्ये जरी खपलं तरी पट्टी तुमची, जावा."

आणि हसला. खताची वाळकं या टोपल्यांतून कोण घेणार.

फियाट आली, मागे आणखी एक गाडी. बाई मैत्रिणींना घेऊन उतरल्या. वाळूक उचललं, हुंगलं, डोळे मिटले. मैत्रिणींना सांगू लागल्या की हा खरा मातीचा वास, खताच्या मालाला हा यायचाच नाही. मैत्रिणींनीही हुंगलं. त्यांनाही आला.

छबूबाई गप्प बसली असती तर पट्टी तिची होती. तेवढंच करायचं होतं.

"बाई, ही खताची हायेत," ती म्हणाली. "पावडर मारल्याली. माजी न्हाईत, दिराची हायेत."

बाई मैत्रिणींकडे वळल्या. "बघितलंत? किती साधी माणसं. स्वतःच्याच मालाला नावं ठेवतात."

टोपल्या रिकाम्या झाल्या. भाव कुणी पाडून मागितला नाही, कारण भोक एकालाही नव्हतं. दुसऱ्या गाडीतल्या बाईंनी जाता जाता छबूबाईच्या डोक्यावरून हात फिरवला, म्हशीच्या पाठीवरून फिरवावा तसा.

गाड्या गेल्या. मच्छिंद्र हसत नव्हता. म्हणाला की बोललो ते बोललो, पट्टी तुमची.

छबूबाईनं टोपल्या एकात एक घातल्या.

"कांदा लावा, भावजी. ह्या असल्या तोंडांसाठी मी पाटंपासनं अळ्या येचू व्हय?"

ती उठली. लुगडं झटकलं.

"आन् खत घाला. पोतंभर जास्तीच घाला."