खोबणीतलं दुखणं

उसाचं पातं लागून निरगुडसरच्या साळुबाईचा उजवा डोळा गेला. तो काढल्यावर खोबण आत बसू नये म्हणून डॉक्टरांनी तिथं एक छोटा गोळा बसवला आणि वर खऱ्यासारखा दिसणारा नकली डोळा. पाहुण्यारावळ्यांच्या लक्षातही येत नसे.

वर्षभरानं मात्र खोबणीतून पू यायला लागला. आत ठणका. थेंब टाकले की चार दिवस बरं, पुन्हा तेच. सीटी स्कॅन काढला, पण त्यातून नक्की काही कळेना.

"अगं, जो डोळाच न्हाई त्यो दुखंल कसा?" नवरा भिमाजी एकदा वैतागून म्हणाला. त्यानंतर साळुबाईनं दुखणं सांगायचंच सोडलं.

एका सकाळी ती गोठ्यात भिंतीला डोकं टेकून कण्हताना भिमाजीला दिसली. पदर पुवानं माखलेला. दुसऱ्याच दिवशी तो तिला घेऊन पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेला.

"मावशी, तुमच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून त्यांना थोडं किरणोत्सारी औषध लावू आणि परत शिरेत सोडू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिथं जंतू असतील तिथं त्या गोळा होतात. कॅमेऱ्यात ती जागा उजळ दिसते."

"आन् न्हाई दिसली तर?" साळुबाईनं विचारलं.

"मग दुसरं कारण शोधू."

काहीच दिसलं नाही तर आपण कायमच्या खोट्या ठरू. कॅमेऱ्याखाली निपचित पडून ती देवाला विनवत राहिली, की दिसू दे. असलं मागणं मागताना तिची तिलाच भीती वाटली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी पडदा दोघांकडं वळवला. खोबणीच्या जागी दाट, उजळ ठिपका होता.

"गोळ्यालाच जंतू लागलेत. तो काढावा लागेल."

भिमाजीनं पुढं वाकून तो ठिपका पाहिला. मग हळूच म्हणाला, "लई दुखत व्हतं का गं?"

"व्हय," साळुबाई म्हणाली, आणि तिचा डावा डोळा वाहू लागला.

गोळा काढला. महिन्याभरात पू थांबला, ठणका गेला. खोबण मात्र खोल गेली. आता पाहणाऱ्याला लगेच कळतं. पुढं पुन्हा काही बसवता येईल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सध्या नगं. झोप लागती, तेवढं बास हाय," साळुबाई म्हणाली.

खोबण धुवायचं भिमाजीनं नर्सकडून शिकून घेतलं. सकाळी तो पाणी उकळून गार करतो, हात साबणानं धुतो आणि आधी विचारतो, "आज कसंय?"

ती खरं काय ते सांगते.